बुखारा पायी पाहताना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उझबेकिस्तानच्या बहुतेक सहलींत ताश्कंद आणि समरकंदला भरपूर वेळ असतो, आणि बुखाऱ्याच्या वाट्याला उरलासुरला एक दिवस येतो. त्या दिवशीही बस आर्क किल्ल्यासमोर थांबते, तासाभरात फोटो उरकतात आणि मंडळी जेवायला निघतात. असं करू नका. बुखारा बसमधून उतरून पाहण्यासारखं नाही, ते चालून पाहायचं शहर आहे. सामानी समाधी जुन्या शहराच्या पश्चिम टोकाला, चोर मिनोर पूर्व टोकाला. मधलं अंतर गल्ल्यांतून चालत जेमतेम तीन किलोमीटर. युनेस्कोने १९९३ साली या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवलं. ते तीन किलोमीटर एका चांगल्या गाइडबरोबर, दोन टप्प्यांत आणि योग्य दिशेने कसे चालायचे, ते इथे सांगतो.

मराठी माणसाला या शहरात एक जास्तीची सोय आहे. बुखाऱ्यात कागदोपत्री उझबेक असली तरी घराघरांत ताजिक बोलतात, आणि ताजिक म्हणजे फारसीचीच एक बोली. आपल्या भाषेत फारसीतून आलेले शेकडो शब्द रोजच्या वापरात आहेत. फक्त एक किल्ली लक्षात ठेवायची : फारसीतला लांब ‘आ’ ताजिकमध्ये ‘ओ’सारखा ऐकू येतो. ‘चोर मिनोर’ म्हणजे चोरांचा नव्हे, चार मिनार. ‘तोकी सर्रोफोन’ म्हणजे सराफांची घुमटी, घुमटाखालचा बाजार. ‘तोकी जरगरोन’मधला ‘जर’ आपल्या जरीतला, जरतारीतला, म्हणजे सोनं. ही सोनारांची घुमटी. ‘मगोकी अत्तोरी’ ही अत्तारांच्या बाजारातली मशीद. ‘ल्याबी हौज’ म्हणजे हौदाचा काठ, आणि ‘पोइ कलोन’ म्हणजे थोरल्याच्या पायाशी. थोरला कोण, ते पुढे येईलच. निघण्याआधी ही नावं एकदा मोठ्याने म्हणून पाहा. गाइडने नाव घेतल्यावर जागेचा अर्थ आपोआप लागत जातो.

कधी जायचं, कसं पोचायचं

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चालण्याचे महिने. जुलैत पारा चाळीस अंशांवर जातो. शिवाय विटांच्या भिंती आणि फरसबंदी दिवसभर तापून राहतात, त्यामुळे सावलीतही खालून झळ लागते. उन्हाळ्यातच जाणं भाग असेल तर सकाळी सातला निघून साडेदहाच्या आत थांबायचं, आणि उरलेलं संध्याकाळी पाचनंतर. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. दुपारी चालता येतं, पण दिवस लहान असतो.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. गुगलवर वर दिसणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते ‘गिव्हन नेम’मध्ये आलंय का ते पाहा. अर्ज फेटाळला जाण्याचं किंवा विमानतळावर अडकण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. हॉटेल तुमची निवासनोंदणी करतं. त्याची चिठ्ठी किंवा मेलवरची प्रत देश सोडेपर्यंत जपून ठेवा. ओळखीच्यांकडे उतरत असाल तर नोंदणी त्यांच्याकडून करवून घ्या, ती टाळू नका.

ताश्कंद आणि समरकंदहून ‘अफ्रोसियोब’ ही वेगवान रेल्वे बुखाऱ्याला येते. ताश्कंदहून साधारण चार तास लागतात. हंगामात तिकिटं लवकर संपतात, म्हणून तारखा ठरल्या की आधी रेल्वे, मग हॉटेल. पहिल्यांदा येणारे एका गोष्टीत हमखास फसतात : बुखारा स्टेशन बुखाऱ्यात नाही. ते कागान गावात, जुन्या शहरापासून बारा-पंधरा किलोमीटरवर आहे. रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली तेव्हा ती शहराबाहेरूनच नेली गेली, आणि स्टेशन आजही तिथेच आहे. गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासात गाइडला भेटायचं ठरवू नका. फाटकाबाहेर घोळका करून उभे असलेले टॅक्सीवाले मनाला येईल तो भाव सांगतात. त्यापेक्षा फोनवर यांडेक्स गो हे ॲप आधीच घालून ठेवा, त्यात भाडं आधी दिसतं. त्यासाठी स्थानिक सिमकार्ड लागेल. ते विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं.

चलन सोम. एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे शून्यं मोजताना गोंधळ होतो. पहिल्या दिवशी शेवटची तीन शून्यं मनातल्या मनात झाकून हिशेब करा. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. चुरगळलेली, शाईचा डाग असलेली किंवा कडा फाटलेली नोट बँकेतही पुष्कळदा घेत नाहीत. स्वच्छतागृहं, पाणी आणि टिपेसाठी सुट्या नोटा हॉटेलातूनच घेऊन निघा.

गाइड निवडताना विचारायचे प्रश्न

पायी सहली दोन तऱ्हेच्या असतात. एक ठरलेल्या वेळी सुटणारी, गटाची. कधी ती ‘फुकट’ म्हणवते आणि शेवटी टीप अपेक्षित असते. दुसरी फक्त तुमच्यासाठी, अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची. एकटे असाल तर पहिली चालेल. घरचे चौघं-पाचजण असाल तर दुसरीच घ्या, कारण वयस्कर माणसांना आणि मुलांना गटाच्या वेगाने चालवणं कठीण जातं. दहा-बाराहून अधिक लोकांचा गट टाळा. घुमट्यांखाली गर्दी असते, मागच्याला गाइडचं एक अक्षरही ऐकू येत नाही.

पैसे ठरवण्याआधी पाच गोष्टी विचारून घ्या. गाइडकडे परवाना, म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र आहे का? प्रवेशशुल्क ठरलेल्या रकमेत धरलंय की वेगळं? चालणं किती तासांचं? (चारपेक्षा कमी असेल तर नको.) दुकानात किती वेळ जाणार? आणि सुरुवात कुठून? चौथा प्रश्न नक्की विचारा. पुष्कळ गाइडना दुकानदाराकडून कमिशन मिळतं, आणि त्याबद्दल रागावण्याचं कारण नाही. पण ‘दुकानं आम्ही शेवटी स्वतः पाहू’ हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं तर तासभर वाचतो.

इंग्रजी गाइड सहज मिळतात. हिंदी बोलणारे गाइड उझबेकिस्तानात आहेत, कारण ताश्कंदमध्ये हिंदी कितीतरी वर्षं शिकवली जाते. पण त्यातले बहुतेक ताश्कंदचेच असतात. बुखाऱ्यापुरता हिंदी गाइड हवा असेल तर काही आठवडे आधी सांगावं लागतं. आमचं मत विचाराल तर, घरात इंग्रजी समजणारं एक माणूस असेल तर बुखाऱ्यातच वाढलेला इंग्रजी गाइड घ्यावा. कोणत्या गल्लीत कुणाचं घर, कोणता दरवाजा किती जुना, हे त्यालाच ठाऊक असतं.

पाचव्या प्रश्नाचं कारण असं. जवळजवळ सगळ्या सहली नऊ-दहाच्या सुमाराला ल्याबी हौजपासून सुरू होतात आणि पश्चिमेकडे जातात. तुम्ही उलटं जा. सकाळी आठला टॅक्सीने थेट पश्चिम टोकाच्या सामानी उद्यानात पोचा आणि पूर्वेकडे चालत या. सकाळी तिथे गर्दी नसते. वाटेत बोलो हौज आणि कलोन या दोन्ही मशिदींची तोंडं पूर्वेला आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन त्यांच्या दर्शनी भागावर पडतं. आणि चाल संपते ती पाण्याच्या काठी, तुतीच्या सावलीत, जिथे बसून चहा घेता येतो. उलट दिशेने गेलेली मंडळी भर दुपारी उद्यानात पोचतात आणि दमून, कोरड्या घशाने परत फिरतात.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दीड लिटर पाणी, टोपी, आणि मळखाऊ, पक्क्या तळव्याचे पण पटकन काढता येतील असे बूट. मशिदीत गालिच्यावर पाऊल ठेवायचं तर जोडे काढावे लागतात. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी अर्धी चड्डी टाळावी. पासपोर्टची छायाप्रत खिशात, मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असतं. हा फरक इतका लहान आहे की तो विसरला जातो आणि माणसं ठरल्या वेळेच्या आधीच जाऊन ताटकळत उभी राहतात.

सकाळ : सामानी समाधीपासून आर्कपर्यंत

सामानी समाधीला किमान अर्धा तास द्या. लांबून ती विटांचं एक साधं चौकोनी घर दिसते, बाजू जेमतेम अकरा मीटरची. गाइड म्हणेल, ‘दहाव्या शतकाच्या आसपासची, इस्माइल सामानी या राजाच्या घराण्याची.’ तेवढं ऐकून लगेच आत शिरू नका. भिंतीपासून दोन हातांवर उभे राहा. पूर्ण इमारतीत रंग नाही, चकाकी दिलेली फरशी नाही, नक्षी आहे ती फक्त विटांच्या रचनेची. पातळ भाजक्या विटा कुठे आडव्या, कुठे उभ्या, कुठे कडेवर ठेवून अशा बसवल्यात की बुरडाने टोपली विणावी तशी भिंत विणलेली दिसते. पुढे आलेल्या विटेची सावली मागच्या विटेवर पडते आणि त्या सावलीनेच नक्षी पुरी होते. सकाळी ऊन तिरपं असताना ती उठून दिसते. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं की तीच भिंत सपाट वाटते. चारही बाजू सारख्याच आहेत, म्हणून एक पूर्ण फेरी मारा आणि एकच नक्षी उन्हात आणि सावलीत कशी बदलते ते पाहा.

मग आत जाऊन वर बघा. खाली चौकोन, वर गोल घुमट. मधे कोपऱ्याकोपऱ्यात कमानी टाकून चौकोनाचा अष्टकोन केलाय, आणि त्याच्यावर घुमट बसवलाय. विजापूरचा गोलघुमट ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल : चौकोनी खोलीवर गोल छत कसं टेकवायचं. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आहेत. इथलं उत्तर त्याच्या सातशेहून अधिक वर्षं आधीचं आहे. ही वास्तू शतकानुशतकं कबरस्तानाच्या मातीत अर्धी गाडलेली होती. विसाव्या शतकात भोवतालची माती काढल्यावर ती पुन्हा पूर्ण उभी दिसली.

पाच मिनिटांवर चश्मा अयुब. अयुब पैगंबराने काठी मारली तिथे झरा फुटला, ही इथली श्रद्धा. सध्या आत पाणीपुरवठ्याचं लहानसं संग्रहालय आहे, आणि ते टाळू नका, कारण बुखारा समजायचं तर आधी पाणी समजून घ्यावं लागतं. जुन्या शहराला शाहरुद कालव्यातून पाणी यायचं आणि ते दगडी पायऱ्यांच्या हौदांत साठायचं. असे हौद गल्लोगल्ली होते. पखाली घेऊन पाणके त्या पायऱ्या उतरायचे. हेच पाणी प्यायचं, त्यातच धुणं, त्यातच पाय. त्यामुळे इथे ‘रिश्ता’ नावाचा रोग घरोघर होता. पायातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर यायचा. आपल्याकडे त्यालाच नारू म्हणत. महाराष्ट्रातल्या पायऱ्यांच्या विहिरींनीही तो पसरवला होता, आणि भारत नारूमुक्त जाहीर झाला तो २००० साली. सोव्हिएत काळात, १९२०च्या दशकात मोहीम काढून बुखाऱ्यातले बहुतेक हौद उपसले, बुजवले, आणि दहाएक वर्षांत नारू गेला. त्याबरोबर बेडूक गेले, आणि बेडकांवर जगणारे करकोचेही गेले. शहरात पुढे जागोजाग करकोच्यांची चित्रं, पुतळे आणि करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या दिसतील, त्यांच्यामागे ही हकिकत आहे. गाइडने सांगितली नाही तर विचारा.

उद्यानातून पूर्वेला दहा मिनिटं चाललं की बोलो हौज मशीद. मशीद १७१२ सालची. समोरचा उंच लाकडी खांबांचा ओटा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. खांब वीस, पण समोरच्या हौदात त्यांचं प्रतिबिंब पडतं म्हणून लोक त्यांना चाळीस म्हणतात. खांबांचे वरचे माथे पाहा, लाकडात कोरलेल्या कोनाड्यांचे थर आणि त्यांवर रंगकाम. नमाजाची वेळ असेल तर ओट्याखालीच थांबा. शेजारी एक उंच लोखंडी जाळीचा मनोरा दिसतो. तो १९२०च्या दशकात रशियन अभियंता व्लादिमीर शूखोव याच्या पद्धतीने उभारलेला पाण्याचा मनोरा आहे. हौद गेले आणि त्यांच्या जागी आलं ते नळाचं पाणी याच मनोऱ्यातून. आता तो वर जाऊन शहर बघण्यासाठी वापरतात. उंचीची भीती नसेल तर जा, इथून आर्क किल्ल्याचा आवाका एका नजरेत येतो.

रस्ता ओलांडला की आर्क. बुखाऱ्याच्या अमीरांचा हा किल्ला, सुमारे चार हेक्टरांचा; आत राजवाडा, टांकसाळ, मशीद, तबेले सगळं होतं. १९२० साली लाल सेनेने शहरावर हल्ला केला तेव्हा आतला मोठा भाग जळाला. म्हणून आत गेल्यावर राजस्थानातल्या किल्ल्यांसारखं वैभव शोधू नका, निराशा होईल. चढणीचा दरवाजा, राज्याभिषेकाचा उघडा चौक, मशीद आणि दोन-तीन संग्रहालयाच्या खोल्या, एवढं पाऊण तासात होतं. तिकीट काढण्याआधी संग्रहालय उघडं आहे का ते गाइडला विचारायला सांगा. या किल्ल्यासमोर १८४२ साली स्टॉडार्ट आणि कोनोली या दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांचा शिरच्छेद झाला. ज्या कैदखान्यात त्यांना ठेवलं होतं तो ‘झिंदोन’ मागेच आहे. मुलं बरोबर असतील तर तो वगळलेला बरा.

सकाळचा उरलेला भाग : थोरल्याच्या पायाशी

आर्कपासून पाच-सात मिनिटांत पोइ कलोनचा चौक येतो. इथे तासभर थांबा. तो थोरला म्हणजे हा कलोन मिनार, ११२७ सालचा, अर्सलान खानाने बांधलेला, सुमारे शेहेचाळीस मीटर उंच. खाली बुंधा नऊ मीटर रुंद, वर निमुळता होत सहापर्यंत. याआधीचा मिनार कोसळला होता, म्हणून याचा पाया खूप खोल घेतला. १२२० साली चंगीझ खानाने शहर जाळलं, पण हा मिनार उभा राहिला. पट्ट्यापट्ट्यांनी वर बघत जा. प्रत्येक पट्ट्याची वीण वेगळी आहे, सकाळी सामानी समाधीत पाहिलेलीच कला इथे दोनशे वर्षांनी पुढे गेलेली दिसते. सगळ्यात वरच्या सज्जाखाली निळसर फरशीची एक बारीक पट्टी आहे. पुढच्या काळात समरकंद ज्या निळ्या रंगाने भरून गेलं, त्याची अगदी सुरुवातीची खूण म्हणजे ही पट्टी. वर चढू देतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मिनाराच्या पश्चिमेला कलोन मशीद, १५१४ साली पुरी झालेली. आत विटांच्या खांबांवर पेललेले २८८ लहान घुमट. चौकात सावली शोधून बसा आणि एका कोपऱ्यातून खांबांच्या रांगेत नजर टाका. ही चालू मशीद आहे, म्हणून शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला पाहुण्यांना आत जाता येत नाही. समोर मीर-इ-अरब मदरसा. तिथे आजही विद्यार्थी शिकतात, त्यामुळे देवडीपलीकडे प्रवेश नसतो. जाळीतून आत डोकावता येतं, तेवढ्यावर समाधान माना. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून त्याचे निळे घुमट पाहायला संध्याकाळी परत यायचं आहेच.

पुढे शंभर-दीडशे पावलांवर समोरासमोर दोन मदरसे. एक उलुघबेगचा, १४१७ सालचा. हा तैमूरचा नातू, तारे मोजणारा राजा. दुसरा अब्दुलअजीज खानाचा, १६५२चा. दोघांत दोनशे पस्तीस वर्षांचं अंतर. आधी उलुघबेगच्या दारात उभे राहा, मग वळा. पहिल्यात रेघा आणि तारे, दुसऱ्यात रंग, फुलदाण्या, पक्षी. अब्दुलअजीज खानाचा मदरसा पूर्ण झालाच नाही. डाव्या-उजव्या बाजू ताडून पाहिल्या की अर्धवट राहिलेली सजावट सापडते. मुलांना हे शोधायला लावा.

इथून सुरू होतात घुमट्या. दोन रस्ते जिथे छेदतात तिथे मधोमध मोठा घुमट, भोवती लहान घुमट, आणि खालून रस्ता जातो. सोळाव्या शतकातली ही बाजारपेठ. बाहेरून आत पाऊल टाकलं की ऊन एकदम तुटतं, कारण जाड विटा तापायला वेळ घेतात आणि वरच्या झरोक्यांतून गरम हवा निघून जाते. जरगरोन, मग टोपीवाल्यांची तेलपाक फुरुशोन, मग सर्रोफोन. शेवटच्या घुमटीत नाणी बदलली जायची, आणि त्या धंद्यात मुलतान-शिकारपूरकडचे हिंदू सावकारही होते. बुखाऱ्यात त्यांची स्वतंत्र सराई होती. आपल्याकडे सराफ कट्ट्यावर जे चालतं तेच इथे चाललेलं होतं, त्याच शब्दाने.

सर्रोफोनच्या आधी खड्ड्यात उतरलेली एक इमारत दिसते. ती मगोकी अत्तोरी. ‘मगोक’ म्हणजे खड्डाच. मुळात ती खड्ड्यात बांधली नव्हती. आठशे-नऊशे वर्षांत भोवतालचं शहर, पडलेल्या घरांची माती साचत साचत, वर चढत गेलं आणि मशीद खाली राहिली. कठड्याजवळ उभे राहून तिच्या दाराचा उंबरा आणि तुमचे पाय यांतलं अंतर मोजा. बुखाऱ्याचं वय तिथे डोळ्यांना दिसतं. खोदकामात तिच्याही खाली इस्लामपूर्व देवस्थानाचे अवशेष सापडले.

दुपार : हौदाकाठी

साडेबारा-एकला ल्याबी हौजला पोचाल. १६२० सालचा हा हौद बुजवण्यातून वाचला. काठावरच्या जुन्या तुती वाकून पाण्याला टेकल्यात. पुण्यात कात्रजहून नळाने आणलेलं पाणी पेठांतल्या ज्या हौदांत पडायचं ते आठवतील, फक्त इथल्या पायऱ्या चारही बाजूंनी पाण्यात उतरतात.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी सावध राहावं. पुलाव, ज्याला इथे ‘ओश’ म्हणतात, दुपारीच मिळतो, दोननंतर संपतो. आणि तो मांसाबरोबरच शिजतो. वाढताना मटणाचे तुकडे बाजूला काढले म्हणजे तो शाकाहारी होत नाही. भोपळ्याच्या ‘कोवोक सोमसा’त मांस नसतं, पण मेंढीच्या शेपटीची चरबी, ‘दुम्बा’, असू शकते. सूप दिसायला भाजीचं असलं तरी पाणी बहुधा हाडांचं. म्हणून दोन वाक्यं पाठ करा. उझबेकमध्ये ‘मेन गोश्त येमायमान’, ताजिकमध्ये ‘मन गूश्त नमेखूरम’, म्हणजे मी मांस खात नाही. त्याला जोडून ‘दुम्बा?’ असा प्रश्न विचारा. खात्रीचं म्हणजे तंदूरमधली गरम रोटी ‘नोन’, टोमॅटो-कांद्याची ‘अचिक-चुचुक’ कोशिंबीर, घट्ट दही ‘सुझमा’, खरबूज, द्राक्षं आणि सुका मेवा. घरून दशम्या, चिवडा आणि मेतकूट न्या; दह्याबरोबर मेतकूट कालवलं की पोट भरतं.

नोन हाताने मोडायची, सुरीने कापायची नाही, आणि उलटी ठेवायची नाही. इथे तो अन्नाचा अपमान समजतात. चहा पेल्यात थोडाच ओततात. ती कंजुषी नसून मान आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता यावं. आभार मानताना उजवा हात छातीवर ठेवून किंचित मान झुकवा आणि ‘रहमत’ म्हणा.

जेवून तीन तास हॉटेलवर पडा. ही वेळ फुकट गेली असं मानू नका, संध्याकाळची चाल तिच्यावरच उभी असते.

संध्याकाळ आणि खरेदी

पाचला पुन्हा निघा. गाइड नसला तरी चालतं. ल्याबी हौजच्या पूर्वेला नादिर दिवानबेगीचा मदरसा. कमानीवर पंख पसरलेले दोन पक्षी, पंजात पांढरी जनावरं, मधे चेहरा असलेला सूर्य. जिवंत प्राण्यांची चित्रं मदरशावर कशी, हा प्रश्न पडायलाच हवा. मुळात ही सराई म्हणून बांधली जात होती, पण खानाने तिला मदरसा म्हटलं आणि राजाचा शब्द खाली पडू नये म्हणून तोच ठरला, असं सांगतात. तिथून दहा मिनिटांवर, घरांच्या गल्लीत, १८०७ सालचा चोर मिनोर. हैदराबादचा चारमिनार डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका, हा त्याच्यापुढे लहान आहे. गल्लीत फोनचा नकाशा भरकटतो, म्हणून ‘चोर मिनोर?’ एवढंच विचारत जा. मावळतीच्या अर्धा तास आधी पोइ कलोनला परत या आणि मीर-इ-अरबचे घुमट पाहा.

खरेदी या वेळी करा. सुझनी, म्हणजे रेशमी भरतकामाची चादर, ही बुखाऱ्याची खासियत. ती घेताना उलटी करून मागची बाजू बघा : हातकामात टाके थोडे वेडेवाकडे, गाठी दिसतात, दोरा एका फुलातून दुसऱ्यात गेलेला असतो, यंत्राची मागची बाजू एकसारखी जाळीदार असते. जुन्या पद्धतीत कापडाच्या अरुंद पट्ट्यांवर नक्षी काढून, पट्ट्या सुट्या करून घरातल्या वेगवेगळ्या बायका भरायच्या आणि मग जोडायच्या. त्यामुळे जोडावर फूल किंचित सरकलेलं असतं. तो दोष नाही, हाताची सही आहे. ‘बुखारा गालिचा’ म्हणून जे विकतात ते मुळात तुर्कमेन विणकरांचे; बाजार बुखाऱ्यात, म्हणून नाव बुखाऱ्याचं. पन्नास वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. ‘अँटिक’ म्हणून कुणी काही विकत असेल तर कागद मागा. कागद नसेल तर घेऊ नका, विमानतळावर ती काढून घेतली जाईल. लोहाराकडून करकोच्याची कात्री घेतलीत तर ती हातातल्या बॅगेत न ठेवता मोठ्या बॅगेत टाका.

दुसरा दिवस हाताशी असेल तर टॅक्सी करून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या गिजदुवानला जा. तिथली मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, कुंभारांच्या कार्यशाळेत चाक आणि भट्टी दोन्ही पाहता येतात. महाराष्ट्रातल्या माणसाने तिथे जाण्याचं आणखी एक कारण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत ज्यांचा दर्गा आहे, ते नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर याच गिजदुवानचे. वाटेत, बुखाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, ज्यांच्या नावाने तो पंथ ओळखला जातो त्या बहाउद्दीन नक्शबंद यांची समाधी आहे. तिथे मात्र रविवारी जाऊ नका, देशभरातून आलेल्या भाविकांची रांग असते; आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी नऊच्या आत पोचा आणि डोकं झाकायला ओढणी किंवा टोपी विसरू नका.